समोरच्याची खुर्ची

दातीर सरांच्या केंद्रात एक खुर्ची होती, तिच्यावर कोणी सहज म्हणून बसत नसे. लाल रेक्झिनची, एका हातातून स्पंज बाहेर आलेला. लांब टेबलाच्या एका टोकाला सरांची लाकडी खुर्ची आणि बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला ही. मी नवीन होते तेव्हा पायाला जरा आराम म्हणून तिच्यावर टेकले, तर आतून अहवाल लिहिणाऱ्या मैथिलीताई ओरडल्या, "अहो, तिथे नको! तिथे बसलात तर सरकारी साहेबांसारखं बोलावं लागेल!" विंचू दिसावा तशी मी उठले.

शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं अभ्यास केंद्र होतं. नाव लांबलचक होतं, म्हणून खालचे दुकानदार नुसतं 'सरांचं केंद्र' म्हणायचे. काम काय, तर लोकांनी निवडून दिलेली माणसं आणि त्यांचे अधिकारी निर्णय कसे घेतात ते बघायचं. सभेत खरंच चर्चा होते का, की 'मंजूर, मंजूर' म्हणून चहा येतो. हे सगळं साध्या मराठीत लिहून, छापून लोकांच्या हातात द्यायचं. सरकारचा पैसा घ्यायचा नाही, पक्षाचा नाही, ठेकेदाराचा तर नाहीच. मी तिथे फोन घ्यायची, हॉलची व्यवस्था बघायची, टपाल करायची.

मी भंडारा जिल्ह्यातली. शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन पुण्यात आले, बिबवेवाडीत खोली घेतली, आणि पहिली काही वर्षं कोणी "किती शिकलात?" विचारेल या भीतीतच गेली. सरांनीही पहिल्याच दिवशी ते विचारलं. मी मान खाली घालून "आठवी" म्हटलं.

"बरं झालं," सर म्हणाले. "वाईट मराठी लिहायला लोक नववीनंतर शिकतात."

हे चेष्टेत होतं की खरं, ते मला कळलं नाही. त्यांचं बरंचसं बोलणं असंच असायचं. चेहऱ्यावरची घडी मोडायची नाही. कसबा पेठेतून रोज चालत यायचे, बारा महिने हातात छत्री. ऊन नसो, पाऊस नसो. कोणी विचारलं तर म्हणायचे, "अंदाज वेधशाळेचा असतो, छत्री माझी असते." जिन्यापाशी त्यांनी स्वतः लिहिलेली पाटी होती: 'येथे सर्व पक्षांवर टीका केली जाते. आपल्या पक्षाची पाळी येईपर्यंत शांतपणे बसावे.'

फोनवर मी गावाकडच्या सवयीनं "हो जी", "थांबा जी" म्हणायची. भेटायला आलेले एक प्राध्यापक त्यावर हसले. आता नोकरी जाते असं वाटलं. सर म्हणाले, "हसू नका. पुण्यात फोनवर कोणी इतकं आदरानं बोलत नाही. समोरचा अधिकारी गोंधळतो आणि फोन ठेवायचा विसरतो. रामटेकेबाई, 'जी' चालू ठेवा." मी चालू ठेवला. त्या एका वाक्यावर मी किती दिवस उभी होते, हे त्यांना कधी कळलं नसेल.

आता त्या खुर्चीचं सांगते. अहवाल लिहून झाला की छापण्याआधी एक बैठक व्हायची. ज्याच्या कारभाराबद्दल लिहिलंय, त्याला रीतसर बोलावणं जायचं. तो बहुधा येत नसे. मग आमच्यापैकी एकानं लाल खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीनं भांडायचं. मन लावून. कोणी उगाच मिळमिळीत बोललं तर सर लगेच ओळखायचे. "अहो, तुम्ही हरायला बसलाय. उठा. ज्याला जिंकायचंय त्याला बसू दे." या खुर्चीपायी कितीतरी वाक्यं गळायची. मैथिलीताई तर एकदा रडल्याच होत्या. त्यांचं अख्खं प्रकरण कचऱ्यात गेलं होतं.

शिवाय छापायची रीत. उजव्या पानावर आमचं म्हणणं, डाव्या पानावर त्यांचं. त्यांनी पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं, त्यातल्या शिव्यांसकट. त्यामुळे साहेब लोकसुद्धा आमचा अहवाल फेकून देत नसत. त्यात त्यांचाही आवाज असायचा. एकदा एक अधिकारी स्वतःहून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्या उजव्या पानापेक्षा माझं डावं पान लोकांनी जास्त वाचलं." सर म्हणाले, "साहजिक आहे. तुमच्यात विनोद जास्त होता."

एक पुढारी एकदा शाल-श्रीफळ घेऊन आले. निवडणुकीच्या आधीचे दिवस. बरोबर फोटो काढणारा. सरांनी शालीला हात लावला नाही. "ही परत न्या, अंगावर घेतली तर उतरवायला वर्षं लागतात." नारळ मात्र ठेवून घेतला आणि मला म्हणाले, "रामटेकेबाई, साहेबांना पावती द्या. देणगी: नारळ एक." त्या वर्षीच्या देणगीदारांच्या यादीत तो नारळ छापून आला. पुढारी पुन्हा आले नाहीत. नारळाची चटणी मी केली. सरांनी खाल्ली नाही, म्हणाले, "माझं मत विकलं जाईल." बाकीच्यांनी इडलीबरोबर संपवली.

'समोरच्याचं म्हणणं काय?' हे त्यांचं वाक्य. सकाळी आल्यावर कोणी बातमी सांगितली की पहिलं हेच. रिक्षावाला भांडला म्हणून सांगा, हेच. आमची घरमालकीण सकाळी पाण्याचा कॉक बंद करायची, आणि मी एक दिवस केंद्रात येऊन ढसाढसा रडले, तरी हेच.

"तिचं काय म्हणणं असणार सर? दुष्ट आहे ती."

"बसा तिथे." लाल खुर्ची. "तुम्ही घरमालकीण. मी रामटेकेबाई. अहो मालकीणबाई, आमचं पाणी का तोडता जी?"

सरांच्या तोंडून 'जी' ऐकून मला रडता रडता हसू आलं. पण बसले खुर्चीत, आणि काय झालं कोण जाणे, भडाभडा बोलायला लागले. टाकी लहान आहे, भाडेकऱ्यांची पोरं नळ सुरू ठेवून शाळेत जातात, वरच्या मजल्यावर म्हातारी सासू आहे, तिला पाणी उरत नाही. हे सगळं मला माहीत होतं म्हणजे! रडू थांबलं. पाणी काही आलं नाही. संध्याकाळी घरी जाताना मला सरांचा रागच आला. नीट रडूही दिलं नाही माणसानं.

त्यांची मुलगी नंदिनीताई नाशिकला असते. कधीमधी यायची. एकदा मला म्हणाली, "लहानपणी बाबा मला रागवायचे ना, तर आधी माझी बाजू स्वतःच मांडायचे. इतकी छान मांडायचे, की मला बोलायला काही उरायचंच नाही. मग शिक्षा." हसत म्हणाली, पण सरांच्या खोलीकडे बघत म्हणाली.

मग ते पाण्याचं प्रकरण आलं.

पुण्याजवळच्या एका गावची नगरपरिषद. नाव घेत नाही. तिथे पाणी सोडायचं सगळं काम एका ठेकेदाराच्या हाती द्यायचं ठरत होतं, आणि कडेच्या वस्त्यांचा नळ बंद करून त्यांना टँकरवर टाकायचं होतं. कायद्याप्रमाणे लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. त्याला मुदत होती. पण हरकत घ्यायची तर मुळात काय ठरलंय ते कळायला हवं. ते कोणालाच माहीत नव्हतं. ते शोधून काढायचं काम आमच्या केंद्रानं घेतलं. मैथिलीताई महिनोन्महिने तिथे जात होत्या. सभांचे कागद मिळवले, बायकांशी बोलल्या. सभेत त्या विषयावर एक शब्दही चर्चा झाली नव्हती, हे निघालं.

त्या वस्तीतल्या शेवंताकाकी केंद्रात यायच्या. डोक्यावरचा पदर घट्ट, पायात प्लॅस्टिकच्या चपला. सरांसमोर बिनधास्त बसायच्या.

"आमाला काय भांडायचं न्हाय सर. फकस्त कागदावर काय हाय ते सांगा. मंग आमी बगतो."

"सांगणार. अहवाल तयार आहे. फक्त त्यांचं म्हणणं यायचंय."

"त्यांचं म्हननं आमी रोज ऐकतोय की. नळाला पानी न्हाय, हेच त्यांचं म्हननं."

सर हसले. पण रीत ती रीत. कच्चा अहवाल नगरपरिषदेकडे गेला, बरोबर नेहमीचं पत्र. त्या पत्रात नेहमीचंच वाक्य होतं: आपले म्हणणे आल्याखेरीज हा अहवाल प्रसिद्ध केला जाणार नाही.

आता वाटतं, तिथेच आम्ही फसलो. इतकं खरं कोण कोणाला लिहून देतं?

तिकडून उत्तर आलं: विषय गुंतागुंतीचा आहे, वेळ हवा. सरांनी वेळ दिला. मग आलं: संबंधित अधिकारी रजेवर आहेत. दिला. मग: तांत्रिक माहिती मागवली आहे. मी फोन करायची. "साहेब, उत्तराचं काय झालं जी?" पलीकडचा माणूस आता गोंधळत नव्हता. तोही मला तितक्याच आदरानं सांगायचा, "हो जी, पाठवतोच जी."

आणि हरकतींची मुदत जवळ येत होती.

ते दिवस आठवले की अजून मला त्या हॉलमध्ये कोंडल्यासारखं होतं. खिडक्या उघड्या, तरी. खाली भांडी आपटायची, वर कोणी बोलायचं नाही. मैथिलीताई शेवटी दार लोटून सरांकडे गेल्या.

"सर, हे डेडलाइन संपेपर्यंत खेळवतायत आपल्याला. इट्स ऑब्व्हियस. छापून टाकू."

"त्यांचं म्हणणं नाही आलं."

"येणारच नाहीये!"

"मैथिली, आपण एकदा न थांबता छापलं, की आपण इतरांसारखे झालो. मग आपला कागद आणि पक्षाचं पत्रक यात फरक काय उरला? त्या बायकांच्या हातात आपण काय देणार, पत्रक?"

"आणि नाही छापलं तर काय देणार?"

सरांनी छत्री उचलली, परत ठेवली. बाहेरून दोघांचंही पटत होतं मला, आणि तेच वाईट होतं. सर आपल्याच हातांनी बांधलेल्या खोलीत अडकले होते, आणि दार कुठे ठेवलं तेच त्यांना आठवत नव्हतं.

त्या दिवसांत सर जेवणाचा डबा न उघडता परत न्यायचे. मी जिन्यात मुद्दाम थांबून "घरी जाऊन खा सर" म्हणायची. "समोरच्याचं म्हणणं काय?" ते विचारायचे. समोरचा म्हणजे डबा. हसायचे, पण पायऱ्या उतरताना कठडा धरायचे.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले तेव्हा सरांनी बैठक बोलावली. शेवंताकाकीही आल्या, त्यांना सर 'नाही' म्हणू शकले नाहीत. नगरपरिषदेकडून अर्थातच कोणी आलं नाही. लाल खुर्चीत कोण बसणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात सर उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि स्वतःच तिच्यावर बसले. इतक्या वर्षांत ते कधी तिथे बसले नव्हते.

"मी मुख्याधिकारी," सर म्हणाले. "विचारा."

मैथिलीताईंनी विचारलं. सर भांडले. काय भांडले! गावाची लोकसंख्या वाढतेय, पाइप जुने आहेत, माणसं नाहीत, निधी वेळेवर येत नाही. प्रत्येक मुद्द्याला उत्तर. अहवालातली दोन वाक्यं तिथल्या तिथे लंगडी पडली. मला वाटलं, झालं, सर आता स्वतःलाच हरवणार. शेवंताकाकी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ह्यो मानूस आपला हाय का त्यांचा?"

मग मैथिलीताईंनी हातातले कागद खाली ठेवले.

"साहेब, एकच विचारते. तुमचं उत्तर कधी येणार?"

"आम्हाला वेळ हवा आहे."

"किती?"

सर बोलायला तोंड उघडून थांबले. त्या खुर्चीत खोटं बोलायचं नाही, समोरच्याच्या मनातलं खरं बोलायचं, ही त्यांचीच शिस्त. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते त्या अधिकाऱ्याच्या मनात शिरून बघत होते आणि तिथे जे सापडलं ते त्यांना तोंडाबाहेर काढवत नव्हतं.

"हरकतींची मुदत संपेपर्यंत," सर अगदी हळू म्हणाले.

खाली दुकानात कोणीतरी पातेल्यांची चळत लावत होतं.

"छापा," सर म्हणाले. "लंगडी वाक्यं काढा. डावी पानं कोरी ठेवा. वर लिहा, ही जागा नगरपरिषदेच्या म्हणण्यासाठी राखून ठेवली आहे."

अहवाल मुदतीच्या आत गेला. शेवंताकाकींच्या वस्तीतल्या बायका तो पिशवीत घालून कचेरीत गेल्या आणि हरकती देऊन आल्या. इतक्या हरकती आल्या म्हणून सुनावणी ठेवावी लागली. आम्ही सगळे गेलो होतो. मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल उघडून सगळ्यांसमोर धरला. कोरं पान.

"हे बघा. आमची बाजू छापलीच नाही. आणि म्हणे निष्पक्ष!"

काकी उठून म्हणाल्या, "लिवा की मंग. जागा ठिवलीया तुमाला." लोक हसले. निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला. वस्तीचा नळ बंद झाला नाही, अजून तरी नाही. पाणी येतं ते पहिल्यासारखंच अडनिड्या वेळी. काकी त्याला जिंकणं म्हणतात.

सर हसले नव्हते. ते कोऱ्या पानाकडे बघत होते.

त्यांना भीती होती तेच झालं. नंतरच्या अहवालांना कुठूनच उत्तर येईना. "तुम्ही थांबत नाही म्हणे," असं एका कचेरीनं मला फोनवर स्वच्छ सांगितलं. एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. डावी पानं कोरीच जायला लागली. पूर्वी अहवाल ठेवून घेणारे साहेब आता पाकीट न उघडता परत पाठवायचे. मैथिलीताई म्हणायच्या, "सर, त्यांना निमित्तच हवं होतं." सर म्हणायचे, "ते निमित्त आपण दिलं." थांबले असते तर त्या बायकांना फसवलं असतं, थांबले नाहीत तर रीत मोडली. दोन्हीकडून भिंत. त्यात त्यांची तब्येत उतरली. नंदिनीताई त्यांना नाशिकला न्यायला आली. पुढचं काम मैथिलीताई बघणार असं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, टपाल टाकून मी परत आले तर जिन्यातच सरांचा आवाज ऐकू आला. कोणाशी तरी वाद चालला होता. वर आले तर हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. सर लाल खुर्चीत बसले होते आणि समोरच्या स्वतःच्या रिकाम्या खुर्चीला बोलत होते. छत्री टेबलावर आडवी. मी परत फिरणार, तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"या रामटेकेबाई. बसा."

"कुठे सर?"

"माझ्या जागेवर. केव्हाची रिकामी आहे. माझ्या बाजूनं बोलायला कोणीच नाही."

मी त्या लाकडी खुर्चीचा धूळ पुसण्यापुरताच संबंध ठेवला होता. तिच्या कडेवर बसले. इथून हॉल वेगळाच दिसत होता. लाल खुर्ची अगदी समोर, आणि तिच्यात बसलेला माणूस लहान.

"तुमचा अहवाल एकांगी आहे," सर म्हणाले. मुख्याधिकाऱ्याच्या आवाजात. "आम्ही वेळ मागितला होता, तुम्ही दिला नाहीत. वर्षानुवर्षांची रीत तुम्ही एका दिवसात मोडलीत. तुमचं म्हणणं काय?"

आठवी, आठवी, असं कुठेतरी आत वाजायला लागलं. हरायला बसायचं नाही, एवढं मात्र माहीत होतं.

"तुमच्याकडे वेळ होता, साहेब," मी म्हटलं. "आमच्याकडे नव्हता जी."

सर माझ्याकडे बघत राहिले. सर म्हणून नाही, समोरचा म्हणून.

"मुद्दा बरा आहे," ते म्हणाले. "पुरेसा नाही. अजून?"

"अजून सुचत नाही."

"सुचेल. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले, खुर्चीच्या हातातून बाहेर आलेला स्पंज अंगठ्यानं आत ढकलत. तो परत बाहेर यायचा, ते परत ढकलायचे.

मीही उठले नाही.